रानपक्ष्यांची छोटी खेळणी जमवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणी, नांदेड, बीड, जालना, लातूर, धाराशिव अशा सगळीकडून तेच तेच प्रश्न येत राहतात. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केले आहेत. एखाद्या उत्तरात दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिसला तर तिकडे जाऊन या, म्हणजे तेच पुन्हा लिहावं लागणार नाही.

१. पक्ष्यांची खेळणी जमवतो म्हटलं की घरचे हसतात. हा छंद नेमका आहे तरी काय?

तळहातावर मावणारा आणि नाव घेऊन ओळखता येणारा रानपक्षी जमवायचा, एवढंच. तो प्लास्टिकचा, लाकडाचा, मातीचा, कशाचाही चालेल. माझी कसोटी साधी आहे. पोटाखाली छापलेलं नाव बोटानं झाका आणि पक्षी बघणाऱ्या माणसाला खेळणं दाखवा. त्यानं "ही टिटवी" म्हटलं तर ते संग्रहात बसतं. "काहीतरी पाखरू दिसतंय" म्हटलं तर ती शोभेची वस्तू. दिसायला कितीही गोड असली तरी ती टीव्हीवर ठेवा, संग्रहात नको.

कापसाच्या मऊ बाहुल्या मी धरत नाही. वाइल्ड रिपब्लिक कंपनीचे दाबल्यावर आवाज करणारे पक्षी मात्र अपवाद करावा असे आहेत, कारण त्यांत खऱ्या पक्ष्यांचे ध्वनिमुद्रित आवाज असतात.

२. सुरुवात कुठून करू? खर्च किती येतो?

दुकानापासून नको, शिवारापासून करा. तुमच्या गावात, वावरात, तळ्यावर वर्षभरात जे पक्षी दिसतात ते वहीत लिहून काढा. चिमणी, साळुंकी, बुलबुल, कोतवाल, वेडा राघू, नीलपंख, हुदहुद, टिटवी, गायबगळा, सातभाई, घार, पिंगळा, भारद्वाज एवढे तर शेतातल्या कुठल्याही आखाड्यावर एका बैठकीत सापडतील. मग यातलं काय काय विकत मिळतं ते बघा. मोर, घुबड, बदक लगेच मिळतात. सातभाई आणि कोतवाल मिळत नाहीत. खरी गंमत तिथून सुरू होते (प्रश्न ८ पाहा).

उलट्या बाजूनं सुरुवात केली, म्हणजे कंपनीचा संच आधी घेतला, तर घरात टूकान, पेंग्विन आणि टकलं गरुड गोळा होतात. त्यातला एकही तुम्ही जन्मात पाहिलेला नसतो. ज्याला तसं आवडतं त्यानं खुशाल करावं, पण सहा महिन्यांत कंटाळा येतो असं माझं निरीक्षण आहे.

खर्चाचं म्हणाल तर जत्रेतला पक्षी दहा-वीस रुपयांपासून मिळतो. परदेशी कंपनीच्या एका पक्ष्याला काही शे रुपये मोजावे लागतात.

३. चांगल्या कंपन्या कोणत्या?

जर्मनीची श्लाइश सगळ्यात ओळखीची. १९३५ मध्ये फ्रीडरिश श्लाइश यांनी ती सुरू केली. रंगकाम नेटकं, पण पक्षी मोजकेच. अमेरिकेतल्या फ्लोरिडाची सफारी लिमिटेड १९८२ पासून आहे. तिच्या 'विंग्ज ऑफ द वर्ल्ड' मालिकेत फक्त पक्षीच आहेत. लांब नळीत भरलेले छोटे संचही ती विकते, त्याला 'टूब' म्हणतात. लेकरांसाठी आणि नवशिक्यांसाठी तो चांगला सौदा. शिवाय फ्रान्सची पापो, जर्मनीचीच बुलीलँड आणि कलेक्टा या आहेत.

बारकाव्यात जपानी लोकांचा हात कुणी धरत नाही. १९९९ मध्ये तिकडे फुरुता कंपनीच्या चॉकलेटच्या अंड्यातून ओसाकाच्या कायोडो कंपनीनं घडवलेले जपानी प्राणी-पक्षी निघू लागले आणि मोठी माणसंही त्यासाठी रांगा लावू लागली. नाणं टाकून यंत्रातून गोळा काढायचा आणि त्यात पक्षी निघायचा, हाही तिकडचाच प्रकार. तीन-चार सेंटिमीटरचा पक्षी, पण पिसांची ओळ न् ओळ दिसते.

४. आमच्या भागात हे मिळतं कुठे?

परदेशी कंपन्यांचा माल पुण्या-मुंबईच्या मोठ्या दुकानांत किंवा ऑनलाइन. मराठवाड्यात राहून तेवढ्यावरच थांबलात तर घराजवळचं सोनं सोडून दिलं असं समजा.

पहिली जागा जत्रा. माळेगावची खंडोबाची यात्रा, पैठणची नाथषष्ठी, छत्रपती संभाजीनगरला नवरात्रातली कर्णपुऱ्याची यात्रा. पाणी भरून फुंकली की बुलबुलासारखी किलबिलणारी प्लास्टिकची शिट्टी तिथेच मिळते. प्रश्न १ च्या कसोटीला ती उतरत नाही, तरी मी तिला संग्रहात घेतो. प्रत्येक नियमाला एखादा जावई असतोच.

दुसरी जागा तुमचा स्वतःचा माळा. भाद्रपदात महालक्ष्म्यांपुढे आरास मांडतात, त्या आराशीची पेटी उघडून बघा. आजीच्या काळातले मातीचे राघू, चिनी मातीचे मोर, कुठल्या तरी मामांनी हैदराबादहून आणलेली बदकं त्यात निघतात. आधी घरच्या बायकांना विचारा. ती आरास त्यांची असते, तुमच्या संग्रहाचा माल नव्हे. फोटो काढून, नोंद करून परत ठेवलं तरी पुष्कळ झालं.

तिसरी जागा म्हणजे तेलंगणातलं निर्मल. नांदेडहून एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे. निजामाच्या राजवटीत निर्मल आणि नांदेड एकाच राज्यात होते, आज मध्ये तेलंगणाची सीमा आहे. तिथले कारागीर पोनिकी नावाच्या हलक्या, मऊ लाकडातून पक्षी, फळं, जनावरं कोरतात, चिंचोक्याच्या खळीचा लेप देतात आणि मग रंगवतात. निर्मलचा पक्षी हातात घेतला की आधी वजनानंच चकित व्हायला होतं, इतका हलका.

५. प्लास्टिकचा रोहित (फ्लेमिंगो) घेतला, पण तो जायकवाडीच्या रोहितासारखा दिसत नाही. असं का?

कारण तो बहुधा आपला रोहित नाहीच. बाजारातले बहुतेक रोहित अमेरिकेतल्या जातीवरून केलेले असतात. ती जात गडद गुलाबी, जवळजवळ शेंदरी असते. नाथसागरावर, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयावर, हिवाळ्यात येणारा मोठा रोहित अंगानं पांढरट, त्यावर फिकी गुलाबी छटा, चोच गुलाबी आणि फक्त टोक काळं. गडद रंग दिसतो तो पंखांवर, तोही पंख उघडल्यावर. तेव्हा खेळणं घेताना "फिका आहे, रंग उडालाय" म्हणून बाजूला ठेवलेला रोहित आधी बघा, तोच आपला असण्याची शक्यता जास्त.

आणखी एक खूण. रोहिताच्या पायाचा मधला सांधा मागे वाकतो. तो गुडघा नाही, घोटा आहे. खरा गुडघा वर पोटाशी पिसांत लपलेला असतो. स्वस्त खेळण्यांत हा सांधा माणसासारखा पुढे वाकवलेला दिसतो.

६. खेळण्यातला पक्षी नेमका कोणता हे कसं ओळखायचं?

चोच, पाय, डोकं, या क्रमानं बघा. रंग शेवटी. रंग कारखान्यात चुकतो, साचा सहसा चुकत नाही.

सगळ्यात जास्त फसवते ती चिमणी. जपानी आणि काही युरोपीय चिमण्यांचं डोकं पूर्ण तपकिरी असतं आणि पांढऱ्या गालावर काळा ठिपका असतो. ती वेगळी जात. आपल्या घरच्या चिमण्याचं डोकं वरून करडं असतं, गालावर ठिपका नसतो. साळुंकीच्या नावाखाली पुष्कळदा डोंगरी मैना गळ्यात पडते. सगळी काळी, मानेवर पिवळी लोंबती कातडी असेल तर ती मैना. साळुंकी तपकिरी, डोळ्याभोवती पिवळी.

मोराचा तुरा बघा. आपल्या मोराचा तुरा पंख्यासारखा पसरट असतो, आग्नेय आशियातल्या हिरव्या मोराचा सरळ उभ्या जुडीसारखा. आणि पिसारा म्हणजे शेपूट नव्हे. शेपटीची आखूड तपकिरी पिसं त्याच्यामागे आधाराला असतात. पिसारा फुलवलेला मोर मागून बघितला आणि ती पिसं दिसली, तर घडवणाऱ्यानं खरा मोर पाहिलाय हे नक्की.

बोटं मोजायला विसरू नका. बहुतेक पक्ष्यांना तीन पुढे, एक मागे. पोपट, सुतार, कोकीळ, भारद्वाज यांना दोन पुढे, दोन मागे. माळढोक आणि शेकाट्या यांना मागचं बोटच नसतं.

७. चिमणी आणि मोर एकाच उंचीचे कसे? प्रमाण पाळायचं की नाही?

कंपन्या पाळत नाहीत, कारण पाळणं परवडत नाही. घरचिमणी साधारण १५ सेंटिमीटर, नीलपंख ३० ते ३४, रोहित ११० ते १५०, पिसाऱ्यासकट मोर २ मीटरच्या आसपास. सगळ्यांना एक दशांश केलं तर रोहित ठीक वाटतो, पण चिमणी दीड सेंटिमीटरची होते. तिच्यावर ना रंग बसतो, ना लेकराच्या हाती ती टिकते.

मी मध्यम वाट धरली आहे. मोठे पाणपक्षी, मोर, माळढोक एका फळीवर एक दशांशाच्या आसपास, आणि लहान पक्षी दुसऱ्या फळीवर खऱ्याच्या निम्म्या मापाचे. शेजारी शेजारी मांडायचे नाहीत, म्हणजे डोळ्याला खुपत नाही.

८. नीलपंख, सातभाई, माळढोक कुठेच मिळत नाहीत. काय करू?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

दसऱ्याला नीलपंखाचं दर्शन शुभ मानतात, तरी त्याचं खेळणं आपल्या बाजारात नाही. मारुतीच्या मूर्ती करणाऱ्या गावोगावच्या कारागिरांना कुणी कधी नीलपंख मागितलाच नाही, हे त्याचं कारण. तुम्ही मागा. पोळ्याचे मातीचे बैल करणारा कुंभार प्रत्येक मोठ्या गावात आहे. पोळ्याच्या आधी त्याला उसंत नसते, तेव्हा दिवाळीनंतर जा. सोबत पक्ष्याचे तीन फोटो न्या: बाजूनं, समोरून, वरून. माप सेंटिमीटरमध्ये लिहून न्या. "जरा मोठा, जरा लहान" सांगितलं की बैलाच्या अंगाचा राघू मिळतो.

मातीच्या पक्ष्याचे पाय हा मोठा घोळ. कच्च्या मातीचे बारीक पाय वाळतानाच तुटतात, भाजल्यावर तर विचारूच नका. पक्षी बसलेला करायला सांगा किंवा पायांच्या जागी दोन भोकं ठेवायला सांगा. भाजल्यानंतर तांब्याची तार घालून पाय करा आणि तारेला कागदाच्या लगद्याचा थर द्या. शेकाट्यासारख्या लांब टांगांच्या पक्ष्याला दुसरा इलाज नाही.

स्वतः करणार असाल तर कागदाचा लगदा सगळ्यात सोपा. जुनी वर्तमानपत्रं भिजवून कुटायची, त्यात मेथीची पूड आणि चिंचोक्याची खळ घालायची. मेथीमुळे कीड लागत नाही, ही सुपं-टोपल्या लिंपणाऱ्या बायकांची जुनी रीत.

माळढोक करताना तो साधारण मीटरभर उंचीचा पक्षी आहे हे ध्यानात ठेवा. एक दशांशाला दहा सेंटिमीटर. मान पांढरट, डोक्यावर काळी टोपी, पाठ तपकिरी, आणि मागचं बोट नाही (प्रश्न ६). धाराशिवच्या सीमेला लागून सोलापुरात नान्नज इथे माळढोकासाठी अभयारण्य आहे. पण आज हा पक्षी उरला आहे तो मुख्यतः राजस्थानात, आणि जगभरात मिळून दोनशेच्या आत. आपल्याकडच्या लेकरांना तो खेळण्यातच बघायला मिळणार असेल तर बोटं तरी बरोबर करा.

९. साध्या खेळण्याला पुन्हा रंगवलं तर चालतं का?

जत्रेतल्या स्वस्त पक्ष्याला खुशाल रंगवा. कंपनीचा जुना, उत्पादन थांबलेला पक्षी मात्र रंगवू नका. विकायची वेळ आली तर त्याची किंमत मूळ रंगाला असते.

प्लास्टिकवर ॲक्रिलिक रंग वापरा. आधी साबणानं धुऊन तेलकटपणा काढा, मग अस्तराचा पातळ हात द्या. दाराखिडक्यांचा ऑइलपेंट मऊ प्लास्टिकवर (पीव्हीसीवर) वाळत नाही, वर्षानुवर्षं चिकट राहतो.

१०. मे महिन्यात कपाटातल्या बगळ्यांचे पाय वाकले. सरळ होतील का?

होतात. परभणी-नांदेडचा पारा ४२-४४ ला गेला की पत्र्याच्या खोलीत मऊ प्लास्टिकच्या बारीक पायांना अंगाचं वजन पेलत नाही. भांड्यात कढत पाणी घ्या, उकळतं नको. वाकलेला पाय त्यात मिनिटभर बुडवा, हातानं सरळ करा आणि तसाच धरून लगेच थंड पाण्यात घाला. थंडीत तो आकार धरतो. रंगवलेला भाग शक्यतो पाण्याबाहेर ठेवा.

उन्हाळ्यापुरते लांब टांगांचे पक्षी आडवे झोपवून ठेवा. आणि उन्हात उभ्या गाडीत कधीच विसरू नका.

११. जुने पक्षी चिकट झालेत, धूळ निघत नाही. कसे धुवायचे?

प्लास्टिक मऊ ठेवायला घातलेलं तेलासारखं द्रव्य कालांतरानं वर येतं, त्याचा तो चिकटपणा. कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ दातब्रश. शेवटचा हात क्षार काढलेल्या पिण्याच्या पाण्याचा द्या. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके की काळा कोतवाल वाळल्यावर पांढरा ठिपकेदार होतो. वाळल्यावर मक्याच्या पिठाचा हलका हात फिरवा आणि झटका.

प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवू नका, चिकटपणा वाढतो. थर्माकोलला टेकवूनही ठेवू नका, ते त्या द्रव्यानं विरघळून पक्ष्याला चिकटतं. डांबरगोळ्याही नकोत. निर्मलच्या किंवा लगद्याच्या पक्ष्याला पाणी लावायचंच नाही, कोरडा ब्रश पुरे.

१२. "मेड इन चायना" लिहिलंय म्हणजे नकली का?

नाही. नामवंत कंपन्यांचाही बराच माल चीनमध्येच तयार होतो. नकली ओळखायचा तो पोटाखालून. अस्सल पक्ष्यावर कंपनीचं नाव आणि बहुधा साल साच्यातच उठवलेलं असतं. नकली मालात अक्षरं पुसट असतात किंवा ती जागा घासलेली दिसते. डोळ्याचा ठिपका डोळ्यातच आहे का तेही बघा. नकली घुबडांचे डोळे हमखास गालावर उतरलेले असतात.

१३. परदेशातून मागवला तर कर किती लागतो?

भरपूर. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के केलं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. मागवण्याआधी चालू दर बघून घ्या. "भेट म्हणून पाठव" हा जुना उपायही चालत नाही. २०१९ च्या अखेरीस ती करमुक्त सोय बंद झाली, फक्त राखी आणि जीवरक्षक औषधं वगळून. एकट्यानं एक पक्षी मागवणं परवडत नाही. पाठवणावळ तरी वाटून जावी म्हणून चार-पाच जणांनी मिळून मागवा.

१४. लेकराला खेळायला द्यावेत का?

द्यावेत, नाहीतर ती खेळणी कशाला? पण तीन वर्षांखालच्या लेकराला तोंडात जाणारे छोटे पक्षी नकोत. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, ते बघून घ्या. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना यातून सूट आहे, म्हणून निर्मलच्या खेळण्यावर चिन्ह नसलं तरी ते बेकायदा नाही.

जुने धातूचे पक्षी मात्र लेकरांपासून दूर. ब्रिटनच्या विल्यम ब्रिटन कंपनीनं १८९३ मध्ये आतून पोकळ शिशाची खेळणी ओतायला सुरुवात केली आणि नंतर कित्येक दशकं तशी खेळणी निघत राहिली. आराशीच्या पेटीत एखादा जड, राखाडी धातूचा पक्षी निघाला तर तो शिशाचा समजा. हाताळल्यावर हात धुवा, खरवडू नका.

१५. खरी पिसं लावलेला पक्षी किंवा पेंढा भरलेला पक्षी संग्रहात चालेल का?

कोंबडीची रंगवलेली पिसं लावलेला चालेल. पेंढा भरलेला रानपक्षी अजिबात नाही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा ठरतो. अंडी गोळा करणंही तसंच. मोराची आपोआप गळालेली पिसं देशात बाळगायला मुभा आहे, देशाबाहेर पाठवायला बंदी. सुगरणीचा रिकामा खोपा शोभेला आणायचा मोह होतो. आणू नका, त्यात पुढे मनोल्या नावाची छोटी पाखरं राहायला येतात.

१६. आई म्हणते घुबड घरात ठेवू नको. काय सांगू?

लक्ष्मीचं वाहन आहे म्हणून सांगा, निम्मं काम होईल. उरलेलं काम उंदरांच्या हिशोबानं होतं. गव्हाणी घुबडाचं मुख्य खाणं उंदीर, आणि ज्या घरात ज्वारीची पोती आहेत त्या घराला हे पटकन पटतं. तरीही आई ऐकत नसेल तर पिंगळ्यापासून सुरुवात करा. तो इतका लहान आणि वटारलेल्या डोळ्यांचा असतो की राग येण्याआधी हसू येतं.

१७. कोंबडा, कबूतर, पिंजऱ्यातले रंगीत पोपट रानपक्ष्यांत धरायचे का?

गावठी कोंबडा नाही, रानकोंबडा होय. पंख्यासारख्या शेपटीचं लक्का कबूतर माणसानं पैदास केलेलं, म्हणून नाही. देवळाच्या शिखरावरचा राखाडी पारवा होय. आपला हिरवा पोपट रानपक्षीच आहे, आणि तो खरा पिंजऱ्यात ठेवणं बेकायदा आहे. दुकानात मिळणारे छोटे रंगीत लव्हबर्ड आफ्रिकेतल्या रानपक्ष्यांवरून आले आहेत. खेळणं रानातल्या मूळ रंगाचं असेल तर घ्या, पैदाशीतल्या निळ्या-पांढऱ्या रंगाचं असेल तर सोडा. पांढऱ्या बदकांचंही तेच.

अजिंठ्याच्या चित्रांतल्या हंसांवरून केलेल्या मूर्तींबद्दल दोघा-तिघांनी विचारलं आहे. सतराव्या लेण्यात हंसजातक आहे, त्यावरून केलेला हंस सुंदर दिसतो. पण त्याची जात ठरवता येत नाही, म्हणून माझ्याकडे तो रानपक्ष्यांच्या फळीवर नाही. वेगळ्या फळीवर, जत्रेतल्या पाण्याच्या शिट्टीशेजारी आहे.